ओल्या बिबड्यांची मोजणी

एप्रिलचा दुसरा रविवार, सकाळचे अकरा. रक्कम रुपये दोन हजार चारशे फक्त. हजर: मी, माझी बायको, पुण्याहून दहा दिवसांसाठी माहेरी आलेली आमची मुलगी आणि तिची सहा वर्षांची मुलगी, म्हणजे आमची एकुलती नात. ठिकाण जळगावातल्या आमच्या घराची पुढची खोली. मुलीनं पैसे फोनवरून भरले आणि फोन पालथा ठेवून ती म्हणाली, "झालं. आता हिच्या खाण्याचं त्या शिबिरातल्या ताई बघतील."

ज्या खाण्याचं बघायचं होतं ते त्या वेळी नातीच्या समोर ताटलीत होतं. उपमा. तिनं तो चमच्यानं कडेकडेनं गोल लावून ठेवला होता आणि मधली जागा पुसल्यासारखी स्वच्छ होती. तोंडात एक दाणा गेलेला नव्हता. हे आम्ही तिघांनीही पाहिलं आणि तिघांनीही पाहिलं नाही असं दाखवलं, कारण पुण्याच्या डॉक्टरांनी तसं दाखवायला सांगितलं होतं.

नात खात नाही, एवढंच सांगितलं तर कुणीही म्हणेल, कुठलं मूल खातं? म्हणून नीट सांगतो. ती दहीभात खायची, साधी पोळी खायची आणि एका ठरावीक पुड्यातली बिस्किटं खायची. तेही घरात, आईजवळ, कुणी बघत नसेल तर. बालवाडीतून डबा वर्षभर जसा गेला तसा परत आला. आता जूनमध्ये ती पहिलीत जाणार होती. नवी शाळा पूर्ण दिवसाची, सकाळी साडेसात ते दुपारी साडेतीन, आणि जेवण शाळेतच, सगळ्या मुलांबरोबर एका ओळीत बसून. म्हणजे आठ तास. मुलगी त्या आठ तासांच्या भीतीनं वाळत चालली होती. "बाबा, ती चक्कर येऊन पडेल हो," असं ती मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाली होती, आणि त्यावर माझ्याकडे काही उत्तर नव्हतं.

शिबिराकडे उत्तर होतं. "हंगामी पौष्टिक खाऊ, चिमुकल्या हातांनी." सोमवार ते शुक्रवार, रोज दीड तास. जी वस्तू मूल स्वतः बनवतं ती ते आवडीनं खातं, असं जाहिरातीत लिहिलं होतं, आणि मलाही ते पटलं. मी जिनिंगच्या वजनकाट्यावर नोकरी करतो. कापसाचा हंगाम सरला की उन्हाळ्यात काम अर्धं होतं, त्यामुळे नातीला नेण्याआणण्याचं काम माझ्याकडे आलं. सोबत बसणंही आलं, कारण प्रत्येक मुलाबरोबर एक मोठं माणूस सक्तीचं होतं.

रविवारी संध्याकाळी साहित्याची यादी आली. त्यात किवी होतं, ब्लूबेरी नावाची निळी बोरं होती आणि अस्वलाच्या तोंडाचा रबरी साचा होता. मी शिबिराच्या ताईंना फोन केला. बोलायला अतिशय गोड बाई.

"ताई, ही निळी बोरं कुठल्या हंगामातली?"

"आबा, ऑनलाइन बारा महिने मिळतात."

"मग ती हंगामी कशी?"

"तुम्ही ज्या हंगामात मागवाल, त्या हंगामातली."

मी फोन ठेवला. बायकोनं मात्र बाजारातून करवंदं, कैऱ्या आणि केळी आणली आणि म्हणाली, "पोरीला निळ्याची हौस असेल तर जांभळं जूनमध्ये येतात म्हणावं."

पहिला दिवस केळ्याचा होता. जळगावात केळं शिकवायला शिबिर लागतं हे मी मनातल्या मनात ठेवलं. हॉलमध्ये चौदा मुलं, चौदा मोठी माणसं. प्रत्येक मुलाला कागदी टोपी आणि ॲप्रन. मग नियम वाचून दाखवले: मुलांनी सुरीला हात लावायचा नाही, किसणीला नाही, मिक्सरला नाही, गॅस तर हॉलमध्ये नव्हताच. केळी घरूनच सोलून, कापून, डब्यातून आणायची होती. म्हणजे खाऊ आम्ही बनवून आणला होता. चिमुकल्या हातांनी त्या केळ्याच्या चकतीवर तीन मनुके ठेवायचे होते. डोळा, डोळा, नाक. हे काम माझ्या घड्याळानं चार मिनिटांत झालं. त्यानंतर फोटो.

फोटोला चाळीस मिनिटं लागली. आधी प्रत्येक मुलाचा चकतीबरोबर, मग सगळ्यांचा एकत्र, मग चकत्यांचा नुसता, वरून. एका मुलानं मधेच आपली चकती खाल्ली, तर त्याची आई ओरडली, "अरे, थांब ना! फोटो झाला का?" त्याला दुसरी चकती दिली आणि ती हातात धरून उभं केलं. फोटो झाले तोवर केळी काळी पडली. ताई म्हणाल्या, "आता ही खाऊ नका हं, ऑक्सिडाइझ झालीत." सगळ्या चकत्या एका बादलीत गेल्या. मी अंदाज घेतला, दीड किलोच्या आतबाहेर.

शेवटी फॉर्म. रोज भरायचा होता. "आज मुलाने काय खाल्ले, किती खाल्ले, ग्रॅममध्ये किंवा नगात." ज्यानं खाल्लं असेल त्याच्या कपाळावर सोनेरी चांदणी. फॉर्म भरण्याचं काम मुलीनं मला आधीच दिलं होतं. "बाबा, तुम्ही आकड्यांना पक्के. अंदाजे काही लिहू नका, डॉक्टरांनाही तेच दाखवायचंय." त्या दिवशी मी लिहिलं: शून्य.

दुसऱ्या दिवशी कैरीच्या रसाची अस्वलं करायची होती. वीज गेली आणि अस्वलं गोठलीच नाहीत. साच्यातून हिरवट पाणी सांडलं. त्यातलं जे काही गोठलं होतं ते प्रत्येकाला एकेक चमचा मिळालं. एका मुलीनं चमचा तोंडात घातला, तर आजूबाजूच्या चार आयांनी टाळ्या वाजवल्या आणि "व्वा, व्वा" केलं. ती मुलगी आनंदानं फुलली. आमची नात ते बघत होती. मग तिची पाळी आली आणि सत्तावीस जणं तिच्या ओठांकडे बघू लागली. तिनं ओठ असे आवळले की ते दिसेनासे झाले.

परत येताना गाडीत ती म्हणाली, "आबा, त्या टाळ्या का वाजवतात?"

"खाल्लं म्हणून."

"तुम्ही खाल्लं की कुणी वाजवतं?"

"नाही."

"मग?"

मी सांगितलं की पुढे खड्डा आहे, मला रस्ता बघू दे. फॉर्मवर पुन्हा शून्य.

बुधवारी ओट्सचे लाडू होते. ते नातीनं वळले, छान गोल वळले, अकरा वळले. आणि अकराही डब्यात ठेवून झाकण लावलं. तिसरं शून्य. त्याच दिवशी ताईंनी गुरुवारचा विषय जाहीर केला: ज्वारीचे क्रिस्प्स. आपल्या पूर्वजांचं विस्मरणात गेलेलं धान्य, असं त्या म्हणाल्या, तेव्हा माझ्या शेजारी बसलेल्या आजोबांनी, सकाळीच ज्वारीची भाकरी खाऊन आलेले असावेत, माझ्याकडे पाहिलं. प्रत्येकानं ज्वारीच्या पिठाचं दोनशे ग्रॅमचं पाकीट आणायचं होतं. कोणत्या दुकानात मिळेल तेही त्यांनी सांगितलं. ते दुकान त्यांच्या नणंदेचं होतं, हे मात्र दुसऱ्या कुणीतरी सांगितलं.

पाकीट आणायला मी निघणार, तेवढ्यात अक्काचा फोन आला. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. धरणगावला एकटी राहते. तिचा मुलगा धुळ्याला नोकरीला आहे. ती दर उन्हाळ्यात तिन्ही घरांचे बिबडे करते. बिबडे म्हणजे बाहेरच्या माणसाला सांगायचं तर ज्वारीचे पापड. पण पापड लाटतात आणि बिबडे हातानं थापतात. त्यासाठी ज्वारी तीन दिवस भिजवतात, निथळून जाडसर दळतात, पहाटे मोठ्या पातेल्यात तिखट-मीठ, लसूण, तीळ घालून शिजवतात आणि गरम असतानाच थापून उन्हात टाकतात. एकट्यादुकट्याचं काम नव्हे; दर वर्षी आळीतल्या तीन बायका तिच्या मदतीला येतात.

"भाऊ, जवारी भिजेल शे," अक्का म्हणाली. "आनि तिन्ही बाया बोदवडले लगनले निंघी ग्यात. सकाय आधन ठेवनंच पडी. नही ते बठ्ठी जवारी आंबी जाई."

"सगळी म्हणजे किती आहे?"

"अडीच पायली. आते मोजत बसू नको, बायकोले लई ये."

अडीच पायली म्हणजे नऊ-दहा किलो. बायकोनं फोन संपायच्या आत पिशवी भरायला घेतली. मुलगी म्हणाली, "मी पण येते. पण शिबिराचं काय? दोन दिवस बुडतील." ताईंना विचारलं. उत्तर आलं की गैरहजेरीचे पैसे परत मिळत नाहीत; मात्र घरी खाऊ करून फोटो आणि फॉर्म पाठवला तर चांदणी मिळू शकते. म्हणून फॉर्म घडी करून मी खिशात घातला. तो घरीच राहिला असता तर पुढचं काही झालं नसतं.

गुरुवारी उजाडायच्या आधी आम्ही धरणगावला पोचलो. अक्काच्या अंगणात चूल पेटलेली होती आणि पातेल्यावर झाकण डुगडुगत होतं. अक्कानं नातीकडे नीट पाहिलं. गाल धरले नाहीत, मुका घेतला नाही. पातेल्याकडे परत वळत विचारलं, "जेवस का बरं ही पोर?"

मुलगी म्हणाली, "नाही ना अक्का. तेच तर."

"बरं शे. इतला लोकेस्नं कराले बसनूत, त्यामा एक तोंड कमी."

मुलीला हे लागलं. मला बायकोनं डोळ्यांनी गप्प केलं. नातीनं मात्र पहिल्यांदाच अक्काकडे निरखून पाहिलं. तिच्या आयुष्यात तिच्या न खाण्याचा कुणाला फायदा झाल्याचं तिनं ऐकलं नव्हतं.

सहाला पहिला घाणा खाली उतरला. बायको आणि अक्का ओल्या फडक्यावर बिबडे थापत होत्या, मुलगी ती फडकी जिन्यानं गच्चीवर नेत होती आणि मी चार खाटांवर पसरलेल्या धोतरांवर ते सोडवून टाकत होतो. वाफेचा, लसणाचा वास सगळ्या घरात भरला. नातीनं "मी पण थापू?" विचारलं. अक्कानं तिच्यासमोर एक गोळा ठेवला. तिनं थापलेला पहिला बिबडा नकाशासारखा झाला. कुणी फोटो काढला नाही, कारण सगळ्यांचे हात भरलेले होते. दुसऱ्या वेळी तिला चटका बसला. तिनं हात पाण्यात बुडवला आणि तिसरा थापला. सहा-सात झाल्यावर तिला कंटाळा आला, तेव्हा अक्कानं तिला काम बदलून दिलं. कोपऱ्यातली काठी तिच्या हातात दिली आणि शेजारच्या दोन मुलींना हाक मारली. एक आठ वर्षांची, एक नऊ-दहाची.

"वर जा तिन्ही. कावळा उना ते उडावानं. बकरी जिनाथून चढस, तिले हाकलानं. आनि चांगला बिबडाले हात लावाना नही, सांगी ठेवस."

"आणि वाईट असला तर?" नातीनं विचारलं.

"तठे बठ्ठा चांगलाच शेतस," असं म्हणून अक्का चुलीकडे वळली.

आता इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. वाळवणाची राखण नेहमी मुलांकडे असते. बिबडा उन्हात टाकला की दोन-तीन तासांनी वरून सुकतो आणि आतून ओला, मऊ, लवचीक राहतो. त्यात कच्चे शेंगदाणे घालून, कच्च्या शेंगदाणा तेलात बुडवून गुंडाळून खाल्ला, तर त्याच्यासारखी दुसरी वस्तू नाही. राखणारी मुलं तो खातात. खाऊ नका असं त्यांना बजावलेलं असतं आणि तरी ती खातात, आणि बजावणारीला हे माहीत असतं. म्हणून तर ती शेंगदाण्याचा डबा आणि तेलाची बरणी जिन्याच्या वरच्या पायरीवर विसरून ठेवते. अक्काही विसरली होती. मी स्वतः लहानपणी याच घराच्या मागच्या आळीत अशी राखण केलेली आहे.

चारही खाटा भरून मी खाली आलो होतो. साडेदहाच्या सुमारास मुलगी आणखी एक फडकं घेऊन वर गेली ती रिकाम्या हातानं परत आली नाही, फडकं तसंच घेऊन परत आली. पायऱ्यांवरच थांबली होती म्हणाली. तिचे डोळे भरलेले होते आणि ती हसतही होती.

"आई," ती बायकोच्या कानाशी म्हणाली, "ती खातेय."

"कोण?"

"आपली. दोघींच्या मधे बसून. 'तिखट आहे' म्हणते, पाणी पिते आणि परत घेते. आई, ती बोटं चाटतेय."

बायकोचा थापता हात थांबला. अक्का म्हणाली, "हात चालू दे, निवी जाई." मग मुलीला म्हणाली, "तू वर जाऊ नको आते. कोनीच जाऊ नका." राहिलेले बिबडे तिनं अंगणातच लिंबाखाली प्लॅस्टिकवर टाकायला सांगितले.

हे सगळं मी ऐकलं. मलाही आनंद झाला. पण मला फॉर्मही आठवला. तीन दिवस शून्य लिहिलेल्या माणसाला चौथ्या दिवशी खरा आकडा लिहायची किती घाई होते, ते ज्यानं कधी फॉर्म भरला नाही त्याला कळणार नाही. शिवाय डॉक्टरांना दाखवायचा होता. अंदाजे लिहायचं नव्हतं. आणि आकडा काढणं अगदी सोपं होतं: प्रत्येक खाटेवर मी स्वतः सहा-सहाच्या दहा ओळी टाकल्या होत्या. चार खाटा, दोनशे चाळीस. जितके कमी भरतील तितके गेले, त्यात हिचे किती एवढंच विचारायचं.

साडेअकराला मी गच्चीवर गेलो. अक्का चुलीजवळ होती, तिनं पाहिलं नाही. वर तिन्ही मुली पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसल्या होत्या. मला बघून त्यांचं बोलणं थांबलं. मी हसलो आणि खाटा मोजायला लागलो. एकदा मोजल्या, खात्रीसाठी दुसऱ्यांदा मोजल्या. दोनशे सतरा.

"तेवीस कमी आहेत," मी म्हणालो. खिशातून फॉर्म आणि पेन काढलं. "बरं, यातले तू किती खाल्लेस?"

माझा आवाज चढलेला नव्हता. उलट मी कौतुकानं विचारलं होतं. पण सहा वर्षांच्या मुलीला समोर काय दिसलं असेल, ते आता मला कळतं: एक मोठा माणूस, हातात कागद, आणि चोरीचा नेमका आकडा. तिच्या हातात अर्धा बिबडा होता. तो तिनं पाठीमागे नेला.

"मी नाही घेतले," ती म्हणाली.

मोठी मुलगी लगेच म्हणाली, "आबा, मीच घेतले. तेवीस."

"तेवीस एकटीनं?" मी म्हणालो, कारण ते शक्यच नव्हतं.

एवढं म्हणायची गरज नव्हती. नात उठली, काठी खाली ठेवली आणि माझ्या बाजूनं, भिंतीला चिकटून, खाली निघून गेली.

खाली ती आईच्या मांडीवर जाऊन बसली आणि तोंड मिटलं. बारा वाजता जेवायला वाढलं. अक्कानं वरण-भात, कैरीचं लोणचं, मुद्दाम दही ठेवलं होतं. नातीनं दहीभातही खाल्ला नाही. पाणी प्यायली. आवडीची बिस्किटं पुढे केली तर मान फिरवली. हे यापूर्वी कधीच झालं नव्हतं. जे तीन पदार्थ होते तेही गेले.

मुलगी मला रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "बाबा, मी जिन्यात उभी राहिले तेव्हा श्वाससुद्धा सोडत नव्हते. आणि तुम्ही कागद घेऊन गेलात." थोड्या वेळानं म्हणाली, "कागद मीच दिला होता म्हणा."

अक्कानं मात्र कसर ठेवली नाही. ताट पुढ्यात असतानाच तिनं मला घेतलं.

"भाऊ, वाळाना पहिले बिबडा कोनी मोजस का? तुले माहीत नही का?"

"अक्का, फॉर्म भरायचा होता."

"कसाना फारम? उनमा वाळाना पहिले जे गयं ते राखनदारनं. ते कमी नही व्हस. ती मजुरी शे! तू लहानपनमा कितला खायेल शेतस, सांगू का आठे बठ्ठास्मा?"

"नको."

"एक साल अर्धी खाट खाई टाकी व्हती यानी," तिनं तरीही सगळ्यांना सांगितलं. "मायनी इचारं बी नही. सांजले वाळेल बिबडा मोजात आनि तितलाच व्हतात म्हने."

नात हे ऐकत होती. आईच्या पदराआडून एक डोळा दिसत होता.

अक्कानं तिची समजूत घातली नाही. ती उठली, काठी आणली आणि माझ्या हातात दिली. "राखन सोडीसन पोर खाले उनी तुन्हामुळे. आते तूच बस वर. उन लागनं ते लागू दे."

दुपारचे दीड. एप्रिलमध्ये धरणगावच्या गच्चीवर त्या वेळी कोण बसतं? डोक्याला ओला टॉवेल बांधून मी बसलो. शेजारच्या दोन्ही मुली जेवून परत आल्या आणि टाकीच्या सावलीतून माझी राखण बघू लागल्या. मला राखण जमत नव्हती. कावळ्याला काठी दाखवली की तो एका खाटेवरून उडून दुसऱ्या खाटेवर बसायचा. दोन वेळा असं झालं. तिसऱ्या वेळी त्यानं सरळ एक बिबडा उचलला.

"आबा, तिकडून नाही! मागून जायचं असतं!"

नात जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी होती. केव्हा आली कळलं नाही. ती पुढे आली, माझ्या हातातून काठी घेतली, खाटांच्या मागून वाकून गेली आणि कावळ्याला पळवून लावलं. मग बकरी आली. ती मी हाकलणार होतो, पण ती नातीनंच हाकलली, अर्ध्या जिन्यापर्यंत मागे जाऊन.

मी लिंबाखालून आणलेला शेवटच्या घाण्यातला एक बिबडा खाटेच्या कोपऱ्यावर पडला होता, मऊच होता. मी त्यात शेंगदाणे घातले, तेलात बुडवला आणि खाल्ला. हे नाटक नव्हतं. मी जेवलो नव्हतो.

"आबा! तुम्ही घेतला!"

"हो."

"विचारलं अक्काआजीला?"

"मी राखण केली ना."

"तुम्ही नीट नाही केली. तुमचा एक कावळ्यानं नेला."

"मग तो माझ्या मजुरीतून गेला."

ती विचारात पडली. दोन्ही मुलींकडे बघून काहीतरी ठरल्यासारखं झालं. "आमची मजुरी कुणाकडे आहे?"

"अक्काकडे."

तिघी खाली गेल्या. मीही मागून गेलो. अक्का अंगणात लिंबाखाली बसून, पाय लांब करून, पातेलं खरवडत होती. बायको आणि मुलगी शेवटचे बिबडे उलटत होत्या. नात अक्कासमोर जाऊन उभी राहिली, काठी हातात.

"अक्काआजी, आमची मजुरी द्या."

मुलीनं बिबडा उलटता उलटता हात थांबवला, मग मान खाली घालून परत उलटायला लागली. कुणी वर पाहिलं नाही.

"कितला तास बसन्यात?" अक्कानं पातेल्यातच बघत विचारलं.

"सकाळी तीन."

"तासाले दोन. सहा."

"आणि बकरी? ती दोनदा हाकलली."

"बकरीना एक."

"दोनदा हाकलली."

"एकच. दुसरी खेप ती आपली आपली गई व्हती."

नातीनं मुलींकडे पाहिलं. मोठीनं मान डोलावली. "सात," नात म्हणाली. "प्रत्येकीला. आणि सकाळचे पाच त्यात धरायचे नाहीत."

पाच. ते तिनं स्वतःच सांगितलं. मुलीनं तोंडावर पदर धरला. माझा फॉर्म त्या वेळी अर्धा जळून चुलीजवळ पडलेला होता. बायकोनं जेवणानंतर त्याच कागदानं चूल पेटवली होती.

"ते ओला व्हतात," अक्का म्हणाली. "ओला धरतंस नही. आनि धाकलीले सात जड जाई. तिना पोटमा मावतीन का?"

धाकली म्हणजे आमची नात, तिघींत लहान. ती चिडली. "मावतील!"

"देखू मंग."

अक्कानं प्लॅस्टिकवरच्या शेवटच्या घाण्यातले, अजून ओलसर असलेले बिबडे मोजून काढले. सात, सात आणि सात. वर तिघींच्या ओंजळीत मूठमूठ शेंगदाणे टाकले आणि मधे एका वाटीत कच्चं तेल ठेवलं. तिघींनी ती एकवीस बिबड्यांची मजुरी तिच्या हातातून घेतली, जिन्याच्या खालच्या पायरीवर एका ओळीत बसल्या आणि आमच्याकडे पाठ करून तिथेच संपवली.